सायबॉर्ग सैनिक आणि कथेने गाळलेला काळ

कॉमिक्समधला सायबॉर्ग सैनिक बहुधा एकाच वाटेने जन्माला येतो. रणांगणावर त्याच्या देहाच्या चिंधड्या होतात, शुद्ध हरपते, आणि डोळे उघडतात तेव्हा काळ पुष्कळ पुढे गेलेला असतो, अर्धे शरीर धातूचे झालेले असते. मार्व्हलच्या 'ॲस्टॉनिशिंग टेल्स' मालिकेच्या 25 व्या अंकात, ऑगस्ट 1974 मध्ये, रिच बकलर आणि डग मोएंच यांनी आणलेला डेथलॉक हा या जातीचा ठळक नायक. ल्यूथर मॅनिंग हा डेट्रॉइटचा सैनिक मरतो आणि 1990 सालच्या उद्ध्वस्त जगात अर्धा माणूस, अर्धे यंत्र होऊन उठतो. मेंदूला जोडलेला संगणक त्याच्याशी बोलतो, आणि पुढच्या कथांत तो कालप्रवासही करतो. खरे 1990 साल आले आणि गेले, असा सैनिक कुठे दिसला नाही. चित्र मात्र टिकले. चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या खेळांतून ते सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या मुलांपर्यंतही पोहोचले आहे. ज्या पट्ट्यातले तरुण तिलारी घाट चढून, चंदगडमार्गे, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची वाट धरत आले आहेत, तिथे जखमी सैनिक आणि यंत्र यांच्याविषयीच्या कल्पना तपासून पाहणे अगत्याचे आहे. पुढे मांडलेल्या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच चूक आहे असे मला वाटते. कथेतला कालप्रवास जो काळ गाळून टाकतो, नेमका तोच काळ प्रत्यक्षात माणसाला पुन्हा उभा करतो.

गैरसमज : कालप्रवासाने शरीर बदलून अधिक बळकट होते.

भविष्याकडे जाणारा कालप्रवास अगदीच कपोलकल्पित नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार वेगाने फिरणाऱ्याचे घड्याळ थोडे मंद चालते. रशियन अंतराळवीर गेनादी पदाल्का यांनी पाच मोहिमांत मिळून सुमारे 878 दिवस अंतराळात काढले. त्यामुळे ते पृथ्वीवरच्या माणसांच्या तुलनेत सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके भविष्यात गेले, असा हिशेब मांडला जातो. पण या प्रवासाने कुणाचे शरीर पोलादी झालेले नाही. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला साधारण एक टक्क्याने घटते आणि स्नायू रोडावतात, म्हणून अंतराळस्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. परतल्यावरही चालण्याचा तोल सावरायला आणि ताकद परत मिळवायला व्यायामोपचार घ्यावे लागतात. सायबॉर्गची मूळ कल्पना 1960 मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी मांडली, तीही अंतराळवीर डोळ्यांपुढे ठेवून. परक्या वातावरणात शरीराचा निभाव लागावा एवढाच तिचा हेतू होता, युद्धयंत्र घडवण्याचा नव्हता. म्हणजे ज्यांनी खरोखर थोडाफार कालप्रवास केला, त्यांनाही घरी आल्यावर पाऊल टाकण्याचा सराव चुकला नाही.

गैरसमज : कृत्रिम पाय बसवला की माणूस लगेच चालू लागतो.

पाय कापल्यानंतर आधी जखम भरावी लागते. उरलेल्या भागाची सूज उतरावी आणि त्याला नीट आकार यावा म्हणून घट्ट पट्ट्या बांधतात. मग त्याचे माप घेऊन सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, तयार होते. सगळ्या शरीराचा भार इथूनच जातो. ती जराशी चुकली तर कातडी सोलवटते, फोड येतात आणि महागातला महाग पाय कोपऱ्यात पडून राहतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत उरलेल्या पायाचा आकार बदलत राहतो, त्यामुळे पहिली सॉकेट पुष्कळदा बदलावी लागते. मग समांतर दांड्यांना धरून उभे राहणे, वजन तोलणे, पायरी चढणे, उतार उतरणे हे एकेक करून शिकावे लागते. याच्या जोडीला नसलेल्या पायाच्या वेदना असतात. अमेरिकी यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्ये या अनुभवाविषयी लिहिले. कापून टाकलेली बोटे वळतात, टाच जळते असे रुग्ण सांगतो आणि ते खरेच असते, कारण मेंदूतला पायाचा नकाशा पायाबरोबर जात नाही. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा वापर करून या वेदना कमी करण्याचा उपाय मांडला. आरशात शाबूत अवयवाचे प्रतिबिंब हलताना दिसले की नसलेला अवयवच हलतो आहे असे मेंदूला वाटते, आणि काहींची वेदना त्यामुळे उतरते. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून चालू आहे. अशा केंद्रात कारागीर आणि व्यायामोपचारतज्ज्ञ लागतात ते याचसाठी. पाय बनवणे हा कामाचा एक भाग झाला, माणसाला त्या पायावर आणणे हा त्याहून मोठा.

गैरसमज : यांत्रिक अवयव मूळ अवयवापेक्षा ताकदवान असतो आणि मनात आले की हलतो.

बहुतेक कृत्रिम पायांत कोणतीही मोटर नसते. 1997 मध्ये आलेल्या सी-लेग या संगणकनियंत्रित गुडघ्याने मोठी मजल मारली, पण तो गुडघा पाय पुढे ढकलत नाही. कोणत्या क्षणी किती अडवायचे आणि किती सैल सोडायचे एवढेच तो ठरवतो. ढकलण्याचे काम माणसाच्या मांडीला आणि कमरेला करावे लागते. त्यामुळे तेवढेच अंतर चालायला शरीर जास्त ऊर्जा खर्च करते. अपघातात गुडघ्याखाली पाय गमावलेल्यांत हा जादा खर्च साधारण पाव हिश्श्याचा, तर गुडघ्यावर गमावलेल्यांत निम्म्याहूनही अधिक असल्याचे अभ्यासांत दिसते. यावर आक्षेप येतो तो धावपटूंचा. ऑस्कर पिस्टोरियस कार्बनच्या पात्यांवर 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावला, आणि कारगिल युद्धात उजवा पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग अर्धमॅरेथॉन धावले आहेत, मग यंत्र श्रेष्ठ कसे नाही? त्याचे उत्तर असे की पाते दाबले गेल्यावर साठवलेली ऊर्जाच परत देते, स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. शिवाय ते धावण्यासाठीच घडवलेले असते. त्यावर स्थिर उभे राहणेही अवघड जाते. धावते ते धावणाऱ्याचे शरीर आणि त्यामागचा वर्षांचा सराव.

हाताची गोष्टही फारशी वेगळी नाही. विजेवर चालणारा कृत्रिम हात उरलेल्या स्नायूंतले सूक्ष्म विद्युतसंकेत कातडीवरून टिपतो. कोणता स्नायू आवळला की मूठ मिटेल आणि कोणता आवळला की उघडेल, हे घोटून घोटून अंगवळणी पाडावे लागते. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केलेले ब्रेनगेटचे प्रयोग 2004 पासून सुरू आहेत. त्यांच्या आधारे अंगभर लकवा झालेल्या रुग्णांनी यांत्रिक बाहू हलवलाही आहे, पण ते विचार वाचणे नव्हे. हालचालीच्या इच्छेशी जुळणारे संकेत संगणक ओळखायला शिकतो, आणि माणूसही त्याच्याबरोबर शिकतो. वजन, चार्जिंग आणि स्पर्शाचा अभाव यांना कंटाळून अनेक जण विजेचा हात सोडून साध्या आकड्याकडे वळतात. उलट शरीरात यंत्र घेऊन वावरणारी खरी माणसे आपल्या शेजारी असतात आणि आपण त्यांना ओळखतही नाही. 1958 मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. त्यांना पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले आणि ते 2001 पर्यंत जगले. त्यांना एवढे आयुष्य मिळाले ते यंत्रामुळे, आणि तितकेच दर वेळी ते बदलणाऱ्या हातांमुळे.

गैरसमज : जितका पाय महाग, तितका चांगला.

पाय चांगला की नाही, हे तो कुठे चालणार आहे यावर ठरते. दोडामार्ग तालुक्यात जांभ्याचे चढउतार आहेत, काजूच्या उतरत्या बागा आहेत, पावसाळ्यात भाताच्या कुणग्यांत गुडघाभर चिखल असतो. घरात जमिनीवर मांडी घालून जेवण, उंबरठ्याबाहेर चप्पल, बागेत अनवाणी वावर, आणि काम करताना उकिडवे बसणे ही इथली रीत. पाश्चात्त्य बनावटीचा, बुटात घालायचा पाय यातल्या अनेक गोष्टींना नडतो. हीच अडचण ओळखून 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. त्याचे पाऊल रबराचे असते आणि ते अनेक दिशांना वळते, त्यामुळे अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, मांडी घालता येते. जे रबर दोडामार्गच्या डोंगरउतारांवरच्या मळ्यांत आज पिकते, त्याच साध्या पदार्थाने हे काम साधले. 1975 मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवते. मुंबईच्या सुधा चंद्रन 1981 च्या अपघातानंतर याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या.

यावर रास्त आक्षेप असा की गरिबाने स्वस्तात समाधान मानावे, हा याचा अर्थ होत नाही का? तसा अर्थ मी काढत नाही. गुडघ्यावर पाय गमावलेल्या माणसाला चांगला गुडघाही हवा, आणि तो न परवडणे हा अन्याय आहे. रोज डांबरी रस्त्यावरून कार्यालयात जाणाऱ्याला संगणकनियंत्रित गुडघा अधिक उपयोगी पडू शकतो. पण ज्या पायाची दुरुस्ती फक्त महानगरात होते, तो पाय काजूच्या हंगामात बिघडला तर मालकाला पुन्हा कुबडीवर आणतो. म्हणून पाय निवडताना त्या माणसाची जमीन, त्याचे काम आणि दुरुस्तीचे अंतर ही तिन्ही मोजली पाहिजेत.

गैरसमज : अवयव गेला की सैनिक संपतो, त्याला यंत्रच वाचवते.

मुंबईत जन्मलेल्या इयान कार्डोझो यांचा पाय 1971 च्या युद्धात सुरुंगावर पडून चिरडला. वैद्यकीय मदत हाताशी नव्हती, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या खुकरीने कापला. पुढे लाकडी पायावर त्यांनी शारीरिक चाचण्या देऊन पात्रता सिद्ध केली. भारतीय सैन्यात बटालियनचे आणि नंतर ब्रिगेडचेही नेतृत्व करणारे ते पहिले दिव्यांग अधिकारी ठरले आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पाण्यात त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते.

ही असामान्य माणसे आहेत, सामान्यांना त्यांचा दाखला कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्या जिद्दीला आधार देणारी व्यवस्था सैन्यात होती. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी 1917 मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, 1944 चे कृत्रिम अवयव केंद्र, 1974 चे खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, या संस्थांनी जखमी माणसाला उपचार, कौशल्य आणि वेळ दिला. मधुमेहाने किंवा रस्त्यावरच्या अपघातात पाय गमावणाऱ्या दोडामार्गच्या माणसाला नेमके हेच कमी पडते. मोठ्या उपचारासाठी त्याला ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. 2018 मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या तालुक्यात मोठे आंदोलन उभे राहिले, ते या अंतराच्या धसक्यातूनच. शस्त्रक्रियेसाठी एकदा लांब जाणे कसेबसे जमते. सॉकेट सैल झाली, फोड आला, सराव अडला म्हणून वारंवार लांब जाणे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही, आणि मग तयार पाय असूनही तो बसून राहतो.

कॉमिक्स ही कल्पना आहे, तिला एवढे तपासायचे कशाला, हा शेवटचा आक्षेप. कल्पनेचे मोल मी कमी लेखत नाही, उद्याची साधने घडवायची उमेद मुलांना अशा कथांतूनही मिळते. पण समाजाचा पैसा आणि लक्ष कुठे जाते, हे त्याच्या मनातली चित्रे ठरवतात. चमत्कारिक यंत्राचे चित्र मनात असेल तर एका दिवसात पाय वाटणारी शिबिरे पुरेशी वाटतात. वस्तुस्थिती मनात असेल तर मागणी वेगळी होते: तालुक्याच्या रुग्णालयात नियमित येणारा व्यायामोपचारतज्ज्ञ, जिल्ह्यातच सॉकेट दुरुस्त करणारी कार्यशाळा, आणि शिबिरात पाय घेतलेल्या प्रत्येकाची पुढचे वर्षभर विचारपूस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी मानली आहे. ती जबाबदारी पार पडली का, हे वाटलेल्या पायांच्या संख्येवरून ठरवता येणार नाही. वर्षानंतर त्यांतल्या किती पायांवर माणसे चालत आहेत, तो आकडा दोडामार्गने मागितला पाहिजे.