तीन महिन्यांचं पॅकेज

मुंबई-कोलकाता महामार्गावर मलकापूर सोडून नांदुऱ्याच्या दिशेने निघालं की वडनेर भोलजी लागतं. भोवताली कपाशी, सोयाबीन, मका, तूर. इथल्या माणसाला वजन उतरवायचं असलं तर पूर्वी सल्ला एकच मिळायचा : रात्रीचं जेवण बंद कर. आता फोन काढायचा, तीन महिन्यांचे पैसे एकरकमी भरायचे, उंची-वजन-वय टाकायचं; दुसऱ्या दिवशी तक्ता हजर. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके नि वाटीभर डाळ, रात्री सूप. मधूनमधून एक आहारतज्ज्ञ 'आज पाणी किती प्यायलात?' म्हणून विचारणार. भारतात या धंद्यात हेल्दीफायमी ही 2012 साली बंगळुरूत सुरू झालेली कंपनी ठळकपणे पुढे आली. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीने 1963 साली 'वेट वॉचर्स' काढली, तेव्हा लोक दर आठवड्याला पैसे भरून चारचौघांत काट्यावर उभे राहायचे. याच कंपनीला मे 2025 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. डोक्यावर कर्ज होतंच, त्यात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं बाजारात आली.

तक्त्यात शास्त्रीय चूक सहसा नसते. पण पैसे एकाने भरलेले असतात आणि स्वयंपाक दुसरीच करत असते. भाजी सगळ्या घराची, एकाच कढईत. त्यात पाहुणा म्हणून गेलं की 'अर्धी तं घ्या भाऊजी' आहेच. तिथे ॲप उघडून दाखवायची सोय नाही.

समजा दुपारी शेवभाजी आहे. ॲपमध्ये 'शेवभाजी, 1 वाटी' निवडलं की एक आकडा उमटतो. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जातात. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी अन्न जाळून, ते खाणाऱ्या माणसांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली आणि हिशेब बसवला : एक ग्रॅम पिष्टातून 4 कॅलरी, प्रथिनातून 4, चरबीतून 9. कोणत्या धान्यात काय किती, हे आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपासलं. 2017 साली निघालेल्या तिच्या तक्त्यात 528 पदार्थ आहेत. तो तक्ता मुख्यतः कच्च्या जिनसांचा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या 334 कॅलरी हे तो चोख सांगेल. पण ॲपने भाकरी 40 ग्रॅम पिठाची धरली असली तर ती भरते 134 कॅलरींची, आणि परातीत ऐसपैस थापलेली आपली भाकरी शंभर ग्रॅमच्या पुढे सहज जाते. शेवभाजीचं तर विचारूच नका. शेव आधीच तळलेली, वर तर्री. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, आणि वाटीत किती चमचे उतरले ते वाढणारीलाही सांगता यायचं नाही.

इथपर्यंत दोष ॲपचा. पुढचा आपला. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिख्टमन आणि सहकाऱ्यांनी 'आम्ही काहीच खात नाही, तरी वजन हटत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांना तपासलं. त्यासाठी वापरलेली युक्ती मला फार आवडते. माणसाला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं थोडं पाणी पाजायचं. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यातूनच : लघवी, घाम, वाफ. ऑक्सिजन पाण्यातूनही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. काही दिवस लघवी तपासत राहिलं की दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक मिळतो. त्यावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला हे कळतं, आणि त्यावरून शरीराने किती इंधन जाळलं हे. माणसाला काही विचारावंच लागत नाही. या दहा जणांची चयापचयक्रिया अगदी ठीक निघाली. त्यांनी वहीत मात्र खाल्लेल्यातलं जेमतेम अर्धं लिहिलं होतं, आणि अंगमेहनत दीडपट. खोटं बोलायचा इरादा असेलच असं नाही. उभ्या-उभ्या तोंडात टाकलेला बुकणाभर फुटाणा कोणाच्या लक्षात राहतो?

मग नोंद करण्यात अर्थ नाही का? आहे. अमेरिकेतल्या सुमारे 1,700 लोकांच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातले सहा-सात दिवस खाणं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन, क्वचित लिहिणाऱ्यांच्या दुपटीने उतरलं. आता नेमाने लिहिणारा माणूस मुळातच निश्चयाचा असतो, हे खरं. तरी लिहावं लागणार आहे या विचाराने दुसऱ्या भाकरीकडे गेलेला हात थबकतो, आकडा बरोबर असो की चूक. आणि दूर बसून विचारणारं कोणी असलं तर फरक पडतो, याला आपल्या देशातला भक्कम पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 पुरुषांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाबद्दल नियमित एसएमएस पाठवले. दोन वर्षांत त्यांच्यातल्या 18 टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांना सुरुवातीचा सल्ला तेवढा मिळाला होता त्यांच्यात हे प्रमाण 27 टक्के होतं. 2013 सालची गोष्ट. साधे एसएमएस होते, ना गोल चौकटीतला हसरा चेहरा, ना रंगीत आलेख. पण मुदत दोन वर्षांची होती.

मला खोट दिसते ती या मुदतीत. पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, स्क्रीनशॉट स्टेटसवर चढतो. त्यातला बराचसा भाग पाण्याचा. यकृत आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन अर्धा किलोच्या आसपास असतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं; खाणं कमी केलं की आधी ते निघून जातं. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. रोज 500 कमी खाल्ल्या तरी पंधरा दिवस लागतात. पुढे तर शरीर स्वतःच आडवं येतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तेराजणांचं वजन परत वाढलं होतं, चौघे तर स्पर्धेआधीपेक्षा जड झाले होते. आणि त्यांचं शरीर बसल्या जागी जाळत होतं ते अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी. ऑस्ट्रेलियातल्या 2011 सालच्या अभ्यासात दहा आठवडे कडक आहार घेतलेल्यांची भूक वर्षभरानंतरही चढीच होती : भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं, पोट भरल्याची वर्दी देणारी संप्रेरकं घटलेली. म्हणजे खरी कसोटी सुरू होते चौथ्या महिन्यापासून, आणि पॅकेज संपतं तिसऱ्यात. नूतनीकरणाचा संदेश तेवढा न चुकता येतो.

कोणाला वजन उतरवायची गरज आहे, यातही काटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने केलेल्या कामात हे जन्मापासूनच दिसलं : बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी किडकिडीत, पण चरबी राखून. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 झाला की सावध व्हायचं आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायची. हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याच्या गुंड्या ताणलेल्या, असा माणूस 'वजन नॉर्मल' हा हिरवा शेरा वाचून निश्चिंत होतो. शिंप्याची टेप त्याला जास्त खरं सांगेल.

महाराष्ट्रात फोनवरून चालणारा आहार गावोगाव पोचला तो मात्र वर्गणीविना. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, 45 मिनिटं चाला. व्हॉट्सॲपच्या गटांत प्रश्नांना उत्तरं मिळतात, पैसे पडत नाहीत, आणि तक्ता नसल्यामुळे घरातली भाकरी-भाजी चालते. वारंवार खाल्ल्याने इन्शुलिन वाढतं, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो जरा ताणलेला वाटतो. चीनमध्ये ग्वांगजौ इथे 139 लोकांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर दोन्ही गटांनी सारख्याच कमी कॅलरी खाल्ल्या. एका गटाने त्या दिवसाच्या आठ तासांतच संपवल्या. वजन उतरलं त्यांचं 8 आणि दुसऱ्या गटाचं 6.3 किलो, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. खाण्याच्या वेळा कमी झाल्या की एकूण खाणं कमी होतं, बहुतेकांचा फायदा त्यातूनच येत असावा. पण नियम एका वाक्यात सांगता येतो आणि वर्षानुवर्षं पाळता येतो, हे थोडं नाही. स्टॅनफर्डमध्ये 609 जणांनी वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार घेतला, तेव्हाही दोन्ही गट सारखेच उतरले. एकाच गटातल्या माणसा-माणसांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गटावर किंवा ॲपवर सोडू नये. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना अचानक एक जेवण गाळलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते : दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शेतात एकटं असताना किंवा महामार्गावर गाडी चालवताना हे झालं तर पुढचं सांगायला नको. दीक्षितांच्या पद्धतीतही सुरुवातीला रक्ततपासणी करायला सांगतात. नावनोंदणीच्या अर्जात 'काही औषधं चालू आहेत का?' ही चौकट बहुधा शेवटी असते आणि लोक ती रिकामी ठेवून पुढे जातात. ती भरायची, आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. जेवण बदललं की गोळीची मात्रा बदलावी लागते, आणि ते काम त्यांचंच.