बदाम गुलाम खरंच चोर आहे का? चौथीच्या वर्गात ‘ॲलिस’चा खटला

आजचा विषय आहे, गोष्टीचं पुस्तक वर्गात ‘खेळून’ कसं शिकवायचं. तुमच्यातले बरेच जण डी.एड., बी.एड. करताय, काहींना नुकतीच शाळा मिळालीय, आणि उरलेल्यांच्या घरात चौथी-पाचवीतलं एखादं भावंड असेलच. म्हणजे कामाचं सगळ्यांच्याच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. वर्गात भूमिका करायची म्हटलं की आपल्याला गॅदरिंग आठवतं. पाठ केलेले संवाद, भाड्याचे कपडे, आणि मोठी भूमिका कोणाला? जो आधीच घडाघडा बोलतो त्याला. जो बोलत नाही, तो झाड होतो. आपण बोलतोय ते याच्या अगदी उलट आहे. इथं प्रेक्षक नाहीत, पाठांतर नाही, आणि अख्खा वर्ग एकाच वेळी गोष्टीच्या आत असतो.

इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी ही पद्धत रुजवली. त्या स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या होत्या. त्यांची मुख्य युक्ती साधी होती: शिक्षकानं बाहेर उभं राहून सूचना देत बसायचं नाही, स्वतः एक पात्र होऊन गोष्टीत शिरायचं.

आता पुस्तक कोणतं? मी ‘ॲलिस इन वंडरलँड’ सुचवेन. १८६५ सालची ही कादंबरी, प्रकरणं फक्त १२. लुईस कॅरल यांनी ही गोष्ट आधी १८६२ मध्ये नावेत बसून तीन बहिणींना तोंडी सांगितली होती, म्हणून ती मोठ्यानं वाचायला छान लागते. मराठीतही तिची भाषांतरं आणि रूपांतरं झाली आहेत. शिवाय त्यातली राजा-राणी पत्त्यांच्या कॅटमधली आहेत. बदाम राजा, बदाम राणी, बदाम गुलाम! आपल्या पोरांना यांची ओळख करून द्यावी लागत नाही.

आपल्याला हवी आहेत शेवटची दोन प्रकरणं. तिथं खटला चालतो. आरोप असा की बदाम गुलामानं राणीचे टार्ट चोरले. टार्ट कळले नाहीत तर करंज्या म्हणा, काही बिघडत नाही. राजा न्यायाधीश आहे. १२ पंच आहेत, सगळे प्राणी आणि पक्षी, आणि आपलंच नाव विसरू म्हणून ते पाटीवर लिहून ठेवतात. टोपीवाला, स्वयंपाकीण आणि ॲलिस हे तीन साक्षीदार. राणीला तर आधी शिक्षा हवी, निकाल मागाहून. आणि गंमत म्हणजे पुस्तकात निकाल लागतच नाही. त्याआधीच ॲलिसला जाग येते.

तो अर्धवट राहिलेला निकाल आपला वर्ग लावणार.

समजा, पारोळ्याकडची किंवा साक्रीकडची शाळा आहे, वर्गात ३० मुलं. पहिले काही दिवस पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवा. मग १२ मुलं पंच करा, सहा जण गुलामाच्या बाजूचे वकील, सहा जण राणीच्या बाजूचे, तीन साक्षीदार आणि उरलेले तीन पत्रकार. नियम एकच: जे म्हणाल ते पुस्तकात कुठं आहे, ते दाखवायचं.

या एका नियमानं काय होतं बघा. वकील झालेली मुलं पान उलटून पुन्हा वाचायला लागतात. आणि कधीतरी एखादं पोरगं थांबतं: अहो, चोरीला गेलेल्या करंज्या तर कोर्टाच्या मधोमध टेबलावर ताटात आहेत! पुस्तकात हे खरंच लिहिलंय, खटल्याच्या सुरुवातीलाच. ऐकताना ते सहज निसटतं. मग वाद पेटतो. चोरी झालीच नाही का? की चोरून परत ठेवल्या? ‘धड्याखालचे प्रश्न सोडवा’ म्हटल्यावर कोणी असं पान उलटत नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, भाषेचा. घरी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, चोपडा-शिरपूरच्या डोंगराकडे पावरी. पुस्तक प्रमाण मराठीत. मूल गप्प बसतं, आणि आपण म्हणतो त्याला येत नाही. खटल्यात ही अडचण कामी येते. साक्षीदार म्हणू दे, ‘मना काही गुन्हा नही शे!’ पंचांनी ते पाटीवर प्रमाण मराठीत उतरवायचं. बोलीला कोणी हसायचं नाही, हा कोर्टाचा नियम. बोलताना विचार मोकळा होतो, लिहिताना मराठी घोटली जाते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘चोर’ कोणाला करणार? १८७१ च्या कायद्यानं या देशात काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चिडवणं अजून गेलेलं नाही. म्हणून आरोपीच्या खुर्चीत कोणतंही मूल नको. तिथं गुरुजींनी किंवा बाईंनी बसायचं. हीथकोट बाईंची युक्ती इथं फिट बसते. रोज प्रश्न विचारणारा माणूस आज उत्तरं देतोय म्हटल्यावर मागच्या बाकावरचा हातसुद्धा वर येतो. टोपी घातली की गुलाम, काढली की बाई. खेळ संपला की टोपी नक्की काढा.

शेवटी लेखन. पंचांनी निकाल आणि त्याचं कारण पाच ओळींत लिहायचं, पत्रकारांनी बातमी. ती भिंतीवर लावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. म्हणजे हस्तलिखित वर्तमानपत्र आपल्या खान्देशाला नवीन नाही.

चार-पाच तासिका जातात, हे खरंय. पण निकाल काय लागला यापेक्षा, ज्यानं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्यानं ‘पान दाखवतो’ म्हणून पुस्तक उचललं का, ते बघा.

आणि शाळा नसेल तरी चालेल. आज रात्री धाकट्या भावंडासमोर बदाम गुलाम ठेवा आणि विचारा, याला सोडायचं का? भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!