फड उसाचा अन् फड तमाशाचा

गुढीपाडवा जवळ आला की निमगाव सावा आणि आजूबाजूच्या गावांतली यात्रा कमिटीची मंडळी नारायणगावची वाट धरतात. तिथे तमाशाच्या राहुट्या लागलेल्या असतात. फड ठरतो, सुपारी दिली जाते. शेतकरी बंधूंनो, या बोलण्यातले काही शब्द आपल्या बांधावरचेच आहेत.

‘फड’ घ्या. ऊसतोड चालते तो फड, पैलवान लढतात तो फड आणि ढोलकी वाजते तोही फडच. माणसे जमून काम जोरात चालते ती जागा, असा त्यातला भाव. ‘लावणी’चेही तसेच. आपण कांद्याची लागण म्हणतो, पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताची लावणी होते. गाण्यातली लावणी कुणी लावण्याशी जोडतात, कुणी ‘लावणे’ या क्रियेशी, म्हणजे शब्दाला शब्द लावत जाणे. चिखलात एका ओळीत रोप लावणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या, त्याला दुसरे मत पटावे. मला तरी पटते.

ताल म्हणजे संस्कृतात हाताने दिलेली टाळी. भजनातला टाळ त्याच घरातला. ठेका म्हणजे टेकू, आधार. ढोलकीवाला गाणाऱ्याला तो देतो. (कामाचा ठेका घेणाऱ्यांनीही हा अर्थ ध्यानात ठेवावा!) लेझीम फारसीतून आली. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले ते कसरतीचे धनुष्य होते.

‘तमाशा’ शब्दाचे मूळ अरबीत, चालण्याशी जोडलेले. फारसीत त्याचा अर्थ हिंडून मौज पाहणे असा झाला. त्यात वाईट काहीच नाही. तरी ग्रामसभेत भांडण झाले की ‘तमाशा झाला’ असे आपण सर्रास म्हणतो. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. अशा कलेचे नाव शिवीसारखे वापरणे बरे दिसत नाही.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्रा बंद राहिल्या. लागोपाठ दोन हंगाम हातचे जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा कमिटीने ठरलेली सुपारी पुरती द्यावी. आणि ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी इतिवृत्तात भांडणाला भांडणच लिहावे.