उसाचे अल्कोहोल आणि आकाशातले अग्निबाण

अग्निबाणाशी आपल्या उसाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा व्ही-२ अग्निबाण अल्कोहोल व द्रवरूप ऑक्सिजनवर उडे. ते अल्कोहोल बरेचसे बटाट्याचे होते. सांगली-साताऱ्यात मळीपासून निघते तेच हे अल्कोहोल. फलटणच्या शेजारी, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनली, तशीच भारताच्या अग्निबाणांची पोलादी आवरणेही बनली.

छोट्या उपग्रहांसाठी भारताने आता एसएसएलव्ही केला आहे. ५०० किलो वजन तो ५०० किलोमीटर उंचीवर नेतो. ७ ऑगस्ट २०२२ चे पहिले उड्डाण फसले, १० फेब्रुवारी २०२३ चे साधले. त्याचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे. त्यातले अमोनियम परक्लोरेट जळाले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. अनेक उपग्रहांना दिशा देणारे हायड्रॅझिन तर जहाल विष. म्हणून सौम्य इंधनांचा शोध चालू आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडपासून वाफ व ऑक्सिजनच उरतो. अल्कोहोलही स्वच्छ जळते, मात्र ताकद रॉकेलहून कमी, म्हणून टाकी मोठी लागते.

आपल्याला याचे काय? जत, आटपाडी, माण, खटावात पाऊस हुकला की सुकलेले पीक उपग्रहाला दिसते. उपग्रह स्वस्तात चढले, तर अशी चित्रे वारंवार मिळतील. पण ढगाआडचे शेत साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तेव्हा सातबारावर पीक पाहणीची नोंद वेळेवर करा. वरून दिसलेले पीक कागदावरच नसेल, तर दाद कशी मागणार?