मिटलेली तक्रार पुन्हां उघडते तेव्हां

रोगी बरा झाला, असें वैद्यानें म्हणून भागत नाहीं. ताप उतरावा लागतो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यांतील दोष २०१७ पासून हुडकणारी ‘सिझबॉट’ ही गूगलची स्वयंचलित व्यवस्था याच न्यायानें चालते. तिनें कळविलेल्या दोषावर रचनाकारानें आपल्या दुरुस्तीचें नांव उलट कळविलें, तरी तक्रार लगेच मिटत नाहीं. ती दुरुस्ती तपासणींतील सर्व शाखांत पोंचावी लागते; नाहीं तर मागें राहिलेल्या शाखेंतला जुनाच बिघाड नवा भासेल. मिटल्यावर तोच बिघाड पुन्हां घडला, तर त्याच नांवापुढें ‘२’ हा आंकडा घालून नवी तक्रार निघते. दोष खोटा म्हणून मिटविला असला, तरीही नियम हाच. कारण घाईनें मिटविलेल्या एखाद्या दोषांतूनच परक्याला संगणकांत शिरण्यास वाट मिळूं शकते.