घाट, धावपट्टी आणि डिफरन्शियल

गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात वळणावर मोटारीच्या बाहेरच्या चाकास आतल्याहून अधिक अंतर कापावे लागते. मागील आसावरील डिफरन्शियल हा वेगभेद साधते. परंतु साध्या रचनेत दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळत असल्यामुळे एक चाक निसटले की दुसरेही दुबळे होते. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींसारख्या सरळ धावेत हा दोष सुटतानाच भोवतो. दोन्ही चाके जखडल्यास झेप साधते. पण वळणावर टायर घासतात व आसांवर ताण येतो. म्हणून दुहेरी वापरास ‘लिमिटेड स्लिप’ प्रकार योग्य होय. त्यातील चकत्यांची रचना पकड राखते, पण झिजते. दंतचक्रांची टिकते, पण चाक अधांतरी होताच निष्प्रभ ठरते. रोजचा रस्ता प्रधान असल्यास दुसरी, शर्यत प्रधान असल्यास पहिली स्वीकारावी.