नदीत न गेलेली खतं

मायबाप हो, तुकोबारायांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकता. पण सगळी बुडवली का हो? नाही. निम्मी बुडवली. मीसुद्धा पुष्कळ वर्षं कीर्तनात अर्धीच गोष्ट सांगत आलो, कारण टाळी त्या अर्ध्यालाच पडते! आज राहिलेल्या खतांकडे पाहू.

घर कसं होतं? देहूची महाजनकी, वाणसवदा, सावकारी. वडील बोल्होबा थकले, त्यांनी थोरल्या सावजींना कारभार घ्या म्हटलं. सावजी विरक्त, त्यांनी तो घेतला नाही. पुढे तीर्थयात्रेला निघून गेले. ते मोकळे झाले आणि ओझं कोवळ्या वयात तुकोबांच्या खांद्यावर आलं. त्यावर १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला.

मग तुकोबांनी येणं असलेली खतं बाहेर काढली. परंपरा सांगते, धाकट्या कान्होबांनी आपल्या संसाराची अडचण पुढे ठेवली. तेव्हा दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती, तुकोबांचा वाटा डोहात.

इथं थांबा. देवासाठीच करायचं होतं ना? मग सगळी बुडवली असती तर कोण काय बोललं असतं? पण ते औदार्य खोटं झालं असतं. भावाच्या पैशानं केलेला त्याग तो कसला त्याग! सोडायचा अधिकार माणसाला आपल्याच वाट्यावर असतो, आणि आपला वाटा कुठं संपतो हे आधी खरेपणानं मोजावं लागतं.

कोणी विचारील, महाराज, कान्होबांच्या वाट्याला गेलेल्या कुळांचं काय? त्यांचं देणं राहिलंच. दुष्काळात होरपळलेली तीही माणसं. प्रश्न बोचतो, मलाही बोचतो. पण तुम्हीही सुटलात, असं त्यांना सांगणं तुकोबांच्या हाती नव्हतं.

आता आपल्या दिंडीत या. भिशी भरलेली असते, स्वयंपाक माणसं मोजून होतो. एखाद्याला वाटतं, आज पुढं चालावं, पाहुण्याकडे मुक्काम करावा. जा की बाबा! वारीत कोणी कोणाला बांधून घातलेलं नाही. फक्त विणेकऱ्याला, नाहीतर शेजारच्या टाळकऱ्याला सांगून जा. एका वर्षी आमच्या दिंडीतले एक बाबा न सांगता गेले. रात्री अकरापर्यंत चौघं कंदील घेऊन पालखीतळ धुंडाळत होते, आणि बायका ताटं झाकून बसल्या होत्या. बाबा सकाळी हसत आले, म्हणाले, मी तर मोकळा माणूस!

कोणी काही बोललं नाही. एका माउलीनं रात्रीचं झाकलेलं ताट तेवढं त्यांच्यापुढं आणून ठेवलं.